आईला काकू म्हणायची रीत

मी चीनमध्ये बरीच वर्षं होतो असं कळलं की आमच्या सोसायटीतले लोक आधी खाण्याचंच विचारतात. साप खाल्लात का, कुत्रा खाल्लात का. मी नाही म्हणतो आणि पेजेचं सांगायला लागतो. शान्तौ म्हणून एक बंदराचं शहर आहे, तिथली माणसं सकाळी तांदळाची पेज पितात, सोबत खारवलेल्या मुळ्याचे तुकडे आणि खारा मासा. हे ऐकून मंडळींची निराशा होते. एवढ्यासाठी चीनला कशाला जायचं, हे तर उरणला मिळतं, असं एक जण म्हणाला होता. त्याचं खोटं नव्हतं.

ह्या गप्पा मला जमतात. पेज, मासे, चहाचे बोटभर कप, यावर मी हवा तेवढा वेळ बोलतो, कारण तेवढा वेळ दुसरं काही सांगावं लागत नाही. दुसरं म्हणजे हे की माझी आई मला मुलगा म्हणत नाही. पुतण्या म्हणते. कित्येक वर्षं झाली. मी तिला काकू म्हणतो. तिला दुसरं मूल नाही, मला सख्खी चुलती नाही. ही रीत शान्तौची आहे आणि ती मी तिथून आणली, म्हणजे चोरून आणली. आता डॉक्टरांनी आईच्या दुखण्याबद्दल सांगायचं ते सांगून टाकलंय. तिने जायच्या आधी एकदा मला मुलगा म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ते होणार नाही. का होणार नाही ते लिहितो. बोलून सांगायला गेलो तर मी परत पेजेवर येईन.

मी एका व्यापाऱ्याकडे नोकरीला होतो. प्लॅस्टिकची खेळणी शान्तौच्या बाजूला बनायची आणि कंटेनरमधून न्हावाशेव्याला उतरायची. माझं काम तिथे राहून माल तपासायचं. बाहुलीचा हात निखळतो का, मोटारीचं चाक फिरतं का. मुंबईत एका क्लासला जाऊन मी चिनी भाषा शिकलो होतो आणि त्या जोरावर गेलो होतो. गेल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की जी शिकलो ती सरकारची भाषा. कचेरीत, बँकेत, शाळेत चालते. बाजारात, घरात, भांडणात शान्तौचे लोक त्यांची स्वतःची बोली बोलतात आणि ती बाकीच्या चिनी माणसांनाही कळत नाही. बीजिंगकडचा एक इंजिनीअर तिथल्या कारखान्यात माझ्यासारखाच तोंड बघत बसायचा. शहराचं नावसुद्धा ते शान्तौ म्हणत नाहीत, सुआताऊ म्हणतात.

मला ह्यात नवीन काही वाटलं नाही. आमच्या घरी तेच होतं. आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठचं. घरात आमी, तुमी, हाय, नाय. शाळेत गुरुजींनी ते काढून टाकलं आणि मी आनंदाने काढू दिलं. आई मात्र तशीच राहिली. ती मासळी विकायची, पनवेलच्या उरण नाक्याच्या बाजारात, आणि तिथे तिची बोली चालायची. माझ्या लग्नानंतर नव्या पनवेलच्या फ्लॅटवर ती यायची तेव्हा मी तिला हळूच सांगायचो की माझ्या मुलीसमोर नीट बोल. ती म्हणायची, बरा. मग 'बरं' म्हणायची. मग गप्प बसायची.

शान्तौत मी एका साचे बनवणाऱ्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो. खाली त्याचा कारखाना, मधे घर. माझ्याच वयाचा होता. कामाला वाघ, बोलायला चेष्टेखोर. माझ्या उच्चारांची नक्कल करून तो कामगारांना हसवायचा. त्यांच्याकडे माणूस दारात आला की आधी चहा. बशीएवढ्या ताटलीत तीन छोटे कप ठेवायचे, माणसं चार असोत की सहा, कप तीनच. ज्याला मिळाला त्याने पिऊन ठेवायचा, तो गरम पाण्याने धुऊन दुसऱ्याला. सारखं 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' चाललेलं. ते चहा पितात म्हणत नाहीत, चहा खातात म्हणतात. पहिल्या महिन्यात मला त्या कडू पाण्याने झोप येईना. मग त्याच्याशिवाय सकाळ होईना.

घरात एक म्हातारी होती. साचेवाला तिला थोरल्या चुलतीला म्हणतात त्या शब्दाने हाक मारायचा, म्हणजे काकू. मी समजलो, काकूच असेल. नवरा गेलेली, मूलबाळ नसलेली, पुतण्याच्या आश्रयाला आलेली. अशी बाई प्रत्येक घरात असते आणि तिच्याशी लोक कसे वागतात ते मला माहीत होतं. म्हणून मला नवल वाटायचं. ती जेवल्याशिवाय साचेवाला जेवायच्या काठ्या हातात घ्यायचा नाही. ती बाजारातून पिशवी घेऊन आली की मशीन सोडून धावायचा. मी एकदा म्हणालो, काकूची फार सेवा करतोस, तुझे आईवडील नाहीत का. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग इतका हसला की कारखान्यातली माणसं जमा झाली. म्हातारीला बोलावून त्यांच्या बोलीत सांगितलं. तीही हसली. तिला पुढे दोनच दात होते.

ती त्याची आईच होती.

तिनेच मला नंतर सांगितलं, उन्हात मुळ्याच्या फोडी वाळत घालताना. तोवर मला त्यांची बोली मोडकीतोडकी यायला लागली होती. ती तिच्याकडूनच आली, कारण तिला सरकारी चिनी येत नव्हती आणि बोलल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. मुलगा जन्मला तेव्हा जाणत्या माणसाने वेळ बघून सांगितलं की ह्या मायलेकरांचं एकमेकांशी जुळत नाही, एकाचं चांगलं झालं तर दुसऱ्याचं जाईल. त्याच्यावर त्यांच्याकडे उपाय आहे. मुलाने आईला आई म्हणायचंच नाही. काकू म्हणायचं, नाहीतर मावशी. बापाला काका. त्या गल्लीत तशी कितीतरी घरं होती. दैव आई-मुलाला शोधत येतं, म्हणाली, आणि त्याला सापडतात काकू आणि पुतण्या. मग ते पुढच्या घरी जातं. हे तिने असं सांगितलं की जणू मीटर बघणाऱ्या माणसाला फसवल्याची गोष्ट आहे.

तुला वाईट नाही वाटत, मी विचारलं. एकदाही आई म्हणाला नाही तो.

म्हातारी म्हणाली की प्रत्येक वेळी काकू म्हणतो तेव्हा मला ऐकू येतं ना, की मी जगावं म्हणून म्हणतोय. तुझ्याकडची मुलं आई म्हणताना एवढा विचार करतात का?

मी तिला आमच्याकडचं सांगितलं. माझ्या आधीची दोन मुलं आईच्या पोटातून आली आणि राहिली नाहीत. म्हणून मी झालो तेव्हा आईने मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचललं आणि आईने पसाभर तांदूळ देऊन मला तिच्याकडून विकत घेतलं. घरातलं नाव दगडाधोंड्याचं ठेवलं, म्हणजे कुणाची नजर पडू नये. हे ऐकून म्हातारीने मुळा खाली ठेवला आणि माझा हात धरून म्हणाली, 'गाकी नांग.' हा त्यांच्या बोलीतला सगळ्यात मोठा शब्द. आपला माणूस. जगात कुठेही त्यांच्या गावाकडचा भेटला की एवढाच शब्द बोलतात आणि दार उघडतं. त्या दिवसापासून ती मला खाऊ घालायला लागली. मिठाच्या पाण्यात टोपलीसकट उकडून गार केलेले अख्खे मासे. त्याला ते 'मासेभात' म्हणतात, भाताचं शीतही नसतं, कारण कोळ्यांकडे भात नसायचा. कालवांची पोळी. लसूण, मिरची, माशाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या चिंबोऱ्या, ज्या मी डोळे मिटून खाल्ल्या. मी तिच्याकडून पेज शिकलो, तांदूळ फुटू न देता वर साय कशी धरवायची ते. मी आईकडून कधी काही शिकलो नव्हतो. आईने शिकवायला मी स्वयंपाकघरात गेलोच नव्हतो. एका परक्या म्हातारीची बोली मी हौसेने शिकत होतो, चुकलो तर तिचं हसणं ऐकून घेत होतो, आणि फोनवर आई 'जेवलास काय रं' म्हणाली की म्हणायचो, हो, जेवलो, ठेवतो.

हा एक भाग झाला. दुसरा पनवेलचा.

मी सुट्टीवर आलो होतो. व्यापारी आणि त्यांच्या पत्नी आमच्याकडे जेवायला यायचे होते. शेठना मला तिथल्या सगळ्या खरेदीवर नेमायचं होतं आणि त्याआधी घर बघायचं होतं, असं माझ्या बायकोचं म्हणणं. ती मंडळी कडक शाकाहारी. कांदालसूणसुद्धा वर्ज्य. बायकोने दोन दिवस घर धुतलं होतं, फ्रिजमधून मासळी काढून शेजारी दिली होती, धूप जाळला होता. आईला आम्ही काही कळवलं नव्हतं. कळवायचं नाही असं ठरवलं नव्हतं. पण कळवलं नव्हतं.

पाहुणे सोफ्यावर बसलेले असताना बेल वाजली. दारात आई. लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, डोक्यावर पाटी, पाटीवर ओला टॉवेल. बाजार उठल्यावर सरळ आलेली. पाटीतून पाणी ठिबकून तिच्या कानामागून खाली आलं होतं. वास तिच्या आधी आत आला. शेठच्या पत्नीने पदर नाकाला लावला, वाईट हेतूने नाही, आपोआप. शेठनी माझ्याकडे बघून हिंदीत विचारलं की ह्या कोण.

मी म्हणालो, "काकू आहे. गावाहून आलीय."

मी कुठे होतो, काय बोललो, ते मला त्या क्षणी पूर्ण माहीत होतं. तोंडातून निघून गेलं वगैरे काही नाही. शान्तौचा शब्द माझ्याजवळ तयार होता म्हणून तो निघाला, एवढंच. नसता तर दुसरा निघाला असता.

आईने माझ्याकडे बघितलं. मग शेठकडे बघून म्हणाली, 'हा, काकू.' पाटी उतरवलीच नाही. आत न येता वळली. बायको जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. आम्ही जेवलो. शेठना पुरणपोळी आवडली. मला ती जागा मिळाली.

त्यानंतर आई फ्लॅटवर आली नाही. बोलावलं तर म्हणायची पाय दुखतात, म्हणायची बाजार हाय. मुलगी विचारायची आजी का येत नाही. बायको काही विचारत नव्हती आणि ते जास्त कठीण जात होतं. परत शान्तौला निघायच्या आधी मी गावी गेलो. आई ओटीवर सुकट निवडत होती. मी पायरीवर बसलो. माफी मागायची होती. रस्त्यात वाक्यं जुळवली होती. बसल्यावर ती आली नाहीत, त्याऐवजी हे आलं. मी म्हणालो, त्या दिवशी तुला काकू म्हणालो त्याला कारण होतं.

मग मी तिला शान्तौच्या म्हातारीचं सगळं सांगितलं. साचेवाल्याचं, काकू म्हणण्याचं, दैवाला चकवण्याचं. इथपर्यंत खरं. पुढे म्हणालो की त्या म्हातारीने माझा हात बघितला. म्हणाली, तुझं आणि तुझ्या आईचं तसंच आहे. आईला आई म्हणत राहिलास तर आईवर येईल.

आई ऐकत होती. हातातली सुकट खाली पडत होती आणि ती निवडत नव्हती. मग तिचा चेहरा उघडला, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. इतके दिवस तिने जे गिळलं होतं ते उतरलं. म्हणाली, "म्हंजे तू लाजून नाय बोललास?"

"नाही गं."

"मी म्हनला लाजला." आणि हसली. "अरं येड्या, मना काय व्हतंय? माजं किती ऱ्हायलं? येऊ दे काय यायचा तो. तू आय म्हन."

तिथे मला सोडवणूक होती. आय म्हणायचं, तिच्या पायावर डोकं ठेवायचं, संपलं. पण आय म्हटलं असतं तर ती पुढच्या रविवारी फ्लॅटवर आली असती. पाटी घेऊन, मोठ्याने बोलत, खुशीत. आणि मी आता मोठ्या जागेवर होतो, घरी माणसं यायची. हा हिशोब मी त्या पायरीवर बसून केला. मला माझ्याबद्दल जे माहीत आहे त्यातलं हे सगळ्यात वाईट.

मी म्हणालो, "तुझ्यावर नाही. माझ्यावर येईल असं म्हणाली ती."

आईचं हसू गेलं. तिने दोन मुलं पुरलेली होती. मी उकिरड्यावरून उचललेला. तिला हे पटवून द्यावं लागलंच नाही. ती म्हणाली, "मंग आधी कशाला खोटा सांगितलास?" म्हणजे तिला भीती वाटू नये म्हणून मी आधी सौम्य खोटं बोललो आणि आत्ता खरं बोललो, असं तिला वाटलं. तिने सूप बाजूला ठेवलं, उठली, आत देवापुढे जाऊन आली आणि मला म्हणाली, जा आता पुतन्या, उशीर व्हईल.

तेव्हापासून आजवर तिने मला मुलगा म्हटलेलं नाही.

मला वाटलं होतं, म्हातारं माणूस, महिनाभर लक्षात ठेवील. तिने व्रत पाळावं तसं पाळलं. बाजारात, गावात, लग्नात. मी चुकून आय म्हटलं तर माझ्या तोंडावर हात ठेवायची. नव्या माणसाने विचारलं की सोकरा, म्हणजे मुलगा, काय करतो, तर सांगायची, सोकरा चीनला हाय. आणि हा? हा पुतन्या. माझ्या समोर. गावातल्या बायका चेष्टा करायच्या. एकीने विचारलं होतं की चीनवाल्या सोकऱ्याचा तोंड पुतन्यासारखाच कसा गं? आई म्हणाली होती, एकाच घरान्यातली ना, बाय. आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला होता. दोघांचं मिळून एक गुपित आहे, आपण दोघं मिळून दैवाला फसवतोय, असं तिला वाटत होतं. इतकी माझ्या जवळ ती आधी कधी नव्हती. फ्लॅटवर मात्र येत नव्हती. घरात तोंडातून आय निघून जाईल म्हणून.

म्हणजे मला हवं होतं ते सगळं झालं.

साथीच्या वर्षी मी नेमका पनवेलला होतो. परत जाता आलं नाही, पुढे धंदा बसला, नोकरी गेली. आता कळंबोलीला एका गोदामात हिशेब बघतो. चीनहून आलेला माणूस म्हणून सोसायटीने तेव्हा आमच्या दाराकडे बघणं सोडलं होतं. मला काही झालं नाही. आईने फोनवर सांगितलं, बघ, तुला काय नाय झाला. कशामुळं नाय झाला ते तू जानतस नि मी जानतू. फोन ठेवून मी बराच वेळ न्हाणीघरात बसलो होतो.

साचेवाल्याशी अधूनमधून बोलणं होतं. मागच्या वर्षी त्याची आई गेली. मी विचारलं, शेवटी तरी आई म्हणालास का. तो म्हणाला नाही, काकूच. पण थडग्याच्या दगडावर आई असं कोरलंय, तिथे आता कोण येतंय शोधायला. आमच्यात दगड नसतो. जे म्हणायचं ते माणूस असताना म्हणायचं.

ह्या वर्षी आईचं दुखणं निघालं. पोटातलं. बायकोने तिला हट्टाने फ्लॅटवर आणलं. मुलीने आपली खोली दिली. मुलगी आता मोठी झाली आहे, आजीची बोली तिला कळते पण बोलता येत नाही. ते मी केलेलं काम. रुग्णालयात पहिल्यांदा नेलं तेव्हा नर्सने नातं विचारलं. आई स्ट्रेचरवरून म्हणाली, पुतन्या. मुलगा नाही आला, नर्सने विचारलं. चीनला हाय. नर्सने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. म्हणाली, पुतण्या असून एवढं करता. आईने पांघरुणातून माझा हात दाबला. आपलं जमलं, असा.

मला ते सहन झालं नाही. आपलं काय जमलंय हे तिला कळल्याशिवाय ती जाणार, आणि मग हे मला एकट्याला उरणार. हे प्रेमातून आलं असं मी तेव्हा समजत होतो. तिला मोकळं करायचं, शेवटचे दिवस मायलेकरांसारखे काढायचे. आता मला तसं वाटत नाही.

एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी शान्तौच्या पद्धतीने पेज केली होती, तिला दुसरं काही उतरत नव्हतं. ती म्हणायची तुजी चिनी पेज पातल असते, पण प्यायची. दोन चमचे झाल्यावर मी वाटी खाली ठेवली आणि सांगितलं. त्या म्हातारीने माझा हात बघितला नव्हता. माझ्याबद्दल ती काहीच म्हणाली नव्हती. मी तुला काकू म्हणालो कारण शेठसमोर मला तुझी लाज वाटली. आणि ओटीवर बोललो ते सगळं तू परत येऊ नयेस म्हणून.

आई एकेक विचारत गेली, बाजारात भाव विचारतात तशी. हात बघितला नवता? नाही. तुज्यावर काय येनार नवता? नाही. मना येनार नवता? नाही. मंग त्या साथीत? ते तसंच, काही संबंध नव्हता.

"त्या दिवशी पाटीत चिंबोऱ्या व्हत्या," ती म्हणाली. "तुला आवडतात म्हनून. भरलेल्या. इकल्या नवत्या मी."

मी म्हणालो, आय, मला माफ कर. आय हा शब्द मी किती वर्षांनी तिच्यासमोर उच्चारला, आणि तिने तोंडावर हात ठेवला नाही. मला वाटलं झालं, सुटलो.

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. रागावली असती तर मी हे लिहिलं नसतं.

"कशाला सांगितलास रं?" म्हणाली. "तेवढाच व्हता माझ्याकं. ते पन नेलास."

मी बोलत राहिलो. काय बोललो ते लिहीत नाही, कुणीही जे बोलेल तेच. ती बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होती. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत कुणी चादरी झटकत होतं, तिकडे.

मला आता जे दिसतं ते असं. त्या ओटीवरच्या दिवसापासून ती जेव्हा जेव्हा काकू हा शब्द ऐकायची तेव्हा तिला त्यात, शान्तौच्या म्हातारीला ऐकू यायचं तेच ऐकू येत होतं. माझं खोटं होतं, पण तिला ऐकू येत होतं ते खोटं नव्हतं. मुलगा मला लाजत नाही, आणि मी त्याचा जीव वाचवतेय. आयुष्यभर पाटी वाहिलेल्या बाईला एवढं एक सुख मिळालं होतं, चुकून, माझ्या नीचपणातून. मी ते माझ्या छातीवरचा दगड उतरवायला मोडलं. पहिल्यांदा तिचं नातं घेतलं ते नोकरीसाठी. दुसऱ्यांदा घेतलं ते बरं वाटावं म्हणून. बरं वाटलं नाही.

बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, तुम्ही मला विचारायचं होतं. मी विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? म्हणाली, गप्प बसा म्हणाले असते. त्यात तर तुमचा हात कुणी धरणार नाही.

आई त्यानंतर बोलते. मुलीशी, बायकोशी, रोज येणाऱ्या नर्सशी. परवा बदली आलेल्या नर्सने परत विचारलं, हे कोण तुमचे? मी उशी सरळ करत होतो. मी पटकन म्हणालो, मुलगा. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, आई बोलायच्या आत. नर्सने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "पुतन्या." पूर्वी हे म्हणताना ती माझ्याकडे एक नजर टाकायची. ती टाकली नाही. नुसतं सांगितलं, जसं असतं तसं.

आता मी सगळ्यांसमोर तिला आय म्हणतो. लिफ्टमध्ये, रुग्णालयात, शेजाऱ्यांपुढे, मोठ्याने. लाज उरलेली नाही, आणि लाज गेल्याचा उपयोगही उरलेला नाही. ती मान वळवत नाही. ऐकू येत नाही असं नाही. मुलीने हलक्या आवाजात आजी म्हटलं तर ओ देते. आज सकाळी बायको बाहेर गेली होती, मुलगी कॉलेजला. आईने काही खाल्लं नव्हतं आणि औषध रिकाम्या पोटी द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. मी चमचा धरून बसलो. आय, म्हणालो. आय, थोडं खा. ओठ मिटलेले. परत म्हणालो. पुष्कळदा म्हणालो.

शेवटी म्हणालो, "काकू."

तिने तोंड उघडलं. मी भरवलं.